फोंडा ते उद्यमबाग : एका इंजिनाच्या बोअरची गोष्ट

माहेरी जाताना बायका काय काय नेतात! मी गेल्या डिसेंबरात बेळगावला गेले ती गाडीच्या डिकीत इंजिनाचा ब्लॉक घेऊन. जुन्या रजईत गुंडाळलेला आणि दोन बाजूंनी नारळाच्या पोत्यांनी अडवलेला. शेजारच्या काकूंनी विचारलं, "मुलाच्या लग्नाची भांडी काय गो?" मी म्हटलं, "नाही, माझ्या वडिलांची एस्टीम आहे. थोडीशी."

गोष्ट अशी. अण्णांनी २००१ साली मारुती एस्टीम घेतली. १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्हचं इंजिन. तेल कधी बदललं, टायर कधी फिरवले, सगळं ते एका निळ्या डायरीत लिहायचे. अण्णा गेल्यावर गाडी आमच्याकडे फोंड्याला आली आणि अंगणात उभी राहिली. "बघू, करू" म्हणत चार पावसाळे गेले. मेकॅनिकल इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या धाकट्याने शेवटी इंजिन उघडलं, तेव्हा तिसऱ्या सिलिंडरच्या भिंतीवर गंजाचे डाग दिसले. इंजिन बंद पडतं तेव्हा एखाद्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडाच राहतो. तिथून गोव्याची ओली हवा आत जाते आणि लोखंडी भिंत खाते. चूक कोणा मेकॅनिकची नव्हती, आमचीच होती.

लेकाने ठरवलं की नुसतं दुरुस्त करायचं नाही, टर्बो लावायचा. मी घाबरले. रस्त्यावरच्या गाडीत असे बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ची आडकाठी आहे, हे मला ऐकून ठाऊक होतं. तो म्हणाला, "आई, ही रस्त्यावर धावणारच नाही. ट्रेलरवरून शर्यतीच्या बंद ट्रॅकवर नेणार, तिथेच चालवणार." तेवढं कबूल करून घेतलं आणि मग मी मान डोलावली.

आता प्रश्न राहिला मापाचा. ज्या नळकांड्यात पिस्टन वरखाली होतो त्याचा व्यास म्हणजे बोअर. या इंजिनाचा मूळ बोअर ७४ मि.मी. झिजलेला, गंजलेला बोअर कापून मोठा करायचा आणि त्यात मोठा पिस्टन घालायचा, हा नेहमीचा उपाय. पण किती मोठा? लेकाचं उत्तर तयार होतं, "७५.५. जेवढा मोठा तेवढी ताकद." आमच्या भागातल्या एका गॅरेजवाल्यानेही सांगितलं होतं, "द्या ब्लॉक, आजच मारून देतो." त्या "आजच"ला मी बिचकले. म्हटलं, अण्णांच्या मेस्त्रींना दाखवल्याशिवाय या ब्लॉकला हत्यार लागणार नाही.

चोर्ल्याची वाट

फोंड्याहून उसगाव, होंडा, साखळी करत केरीला पोचलो आणि घाट सुरू झाला. वर चढताना एका वळणावर खाली अंजुण्याच्या धरणाचं पाणी दिसतं. तिथे थांबायचा आमचा जुना रिवाज. अण्णांच्या एस्टीममधूनही आम्ही इथेच थांबायचो, रेडिएटर निवावा आणि पोरांनी ओकाऱ्या काढून घ्याव्यात म्हणून! चोर्ल्याला गोवा, महाराष्ट्र आणि कर्नाटक एकमेकांना इतके खेटून आहेत की मोबाईल बिचारा गोंधळून जातो. पुढे कणकुंबी, जिथे मलप्रभा उगम पावते. तिथून जांबोटीपर्यंत रानच रान. खड्डे आले की लेक मागे वळून ब्लॉककडे बघायचा. लहानपणी त्याला मांडीवर घेऊन मी अशीच बघत असे.

जांबोटीचा रस्ता पिरनवाडीला खानापूर रोडला मिळतो. तिथून तिसऱ्या रेल्वे गेटच्या दिशेने निघालं की शहरात शिरण्याआधीच उद्यमबाग लागतं. आमच्या पिढीच्या पोरींना बेळगाव म्हणजे कुंदा, मांडे, खडेबाजार आणि कॅम्पातली थंडी. पण अण्णांचं बेळगाव इथे होतं. पत्र्याच्या शेड, ओतकामाच्या जळक्या वाळूचा वास, दारात चिप्सने भरलेली पिंपं, आणि एकाच पाटीवर मराठी, कन्नड नि इंग्रजी. एका शेडमध्ये ओततात, दुसरीत काततात, तिसरीत घासतात. दोन गल्ल्यांत एखादं यंत्र जन्मून बाहेर पडावं अशी वस्ती.

या गावाला लोखंडाची ओढ जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचं दुकान काढलं ते बेळगावातच. चारा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर हा पसारा पुढे वाढला, इथली जागा सोडावी लागली, आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. कारखाना गेला, पण हातांना लागलेली सवय काही गेली नाही.

"आज माप नाही"

मेस्त्रीकाका पंचाहत्तरीला आलेत. अण्णांच्या बरोबरीने त्यांनी एकाच शेडमध्ये वीस वर्षं काढली. आता शेड मुलगा बघतो, पण बोरिंग मशीनजवळची खुर्ची अजून त्यांचीच आहे.

"आलीस काय गं पोरी? आणि हा कोण, अण्णाचा नातू? उंची आज्ज्यावर गेली की!"

रजई सोडली. त्यांनी ब्लॉकला हात लावला, बोअरच्या वरच्या काठाखाली नखाने चाचपलं आणि लेकाला म्हणाले, "तू पण बघ." तिथे नखाला बारीक पायरी अडकते. वरची रिंग जिथे थांबून मागे वळते तिथे झीज सगळ्यात जास्त, त्याच्या वर रिंग पोचतच नाही म्हणून धातू मूळचा राहतो. ती पायरी म्हणजे इंजिनाचं वय.

लेकाने उत्साहाने विचारलं, "मग मोजूया?"

"आज माप नाही. उन्हातून आलाय ब्लॉक. रात्रभर हितं राहू दे. सकाळी मोजू."

मला वाटलं, म्हाताऱ्याचा हट्ट. पण रात्री माझ्या दादाच्या घरी लेकाने गणित मांडलं. ७४ मि.मी.चा अॅल्युमिनियमचा पिस्टन दहा अंशांनी तापला तर व्यासात सुमारे ०.०१७ मि.मी. फुगतो. लोखंडी भिंत त्याच्या निम्म्याने. आणि इथे सगळा खेळ शंभराव्या हिश्श्यांचा! लेक पुटपुटला, "आजोबा बरोबर आहेत." गेल्या सहा महिन्यांत घरातलं वडीलधारं माणूस बरोबर आहे असं त्याच्या तोंडून मी प्रथमच ऐकलं.

कॅलेंडरच्या मागचा हिशेब

जेवणानंतर दादाने जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं. तो हायस्कुलात गणित शिकवायचा, त्याला मोटारीतलं काही कळत नाही. तरी किंवा म्हणूनच त्याने सरळ प्रश्न विचारला, "मोठा बोअर केलास तर मिळतं किती, आणि जातं किती?"

पिस्टनचा पल्ला ७५.५ मि.मी., तो बदलत नाही. सिलिंडर चार. बोअर ७४ असेल तर १२९८ सीसी. ७४.५ केला तर १३१६. ७५ केला तर १३३४. ७५.५ केला तर १३५२. म्हणजे दर अर्ध्या मिलिमीटरला १८ सीसी, चहाचे साडेतीन चमचे! लेकाच्या लाडक्या ७५.५मुळे सगळी मिळून वाढ ५३ सीसी, जेमतेम चार टक्के.

"आणि तुझा तो टर्बो?" दादाने विचारलं.

टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा, तो इंजिनात हवा दाबून भरतो. लेकाला दाब ठेवायचा होता अर्धा बार. बाहेरची हवा साधारण एक बार, म्हणजे आत दीड. कागदावर हवा पन्नास टक्के जास्त. दाबली की हवा तापते आणि विरळ होते, म्हणून इंटरकूलरने थंड करूनही पूर्ण पन्नास हाती येत नाही. पण एक तृतीयांश तरी कुठे गेली नाही.

दादाने पेन खाली ठेवलं. "एकीकडे चार टक्के, दुसरीकडे तेहतीस. मग चारासाठी भिंत का खरवडतोस?"

लेक गप्प झाला. मग त्यानेच पुढचं मांडलं. बोअर दीड मिलिमीटर वाढवला तर प्रत्येक बाजूची भिंत पाऊण मिलिमीटर पातळ होते. दोन शेजारच्या बोअरमधल्या जागेत तर दोन्हीकडून कापलं जातं, तिथे पूर्ण दीड मिलिमीटर जातो. टर्बोच्या इंजिनात हेडचं गॅस्केट फुटतं ते बहुतेक याच अरुंद पट्टीवर. शिवाय गॅस्केटचं भोक बोअरपेक्षा मोठं लागतं. नाहीतर त्याची कड आत डोकावते, लाल होते आणि पेट्रोलला नको त्या वेळी आग लावते. या ब्लॉकचं अंग अॅल्युमिनियमचं, आत लोखंडी लायनर. लायनर पातळ झाला की दाबाखाली त्याचा गोलपणा टिकत नाही, आणि गोलपणा गेला की रिंग हवा धरत नाही. म्हणजे ज्या दाबासाठी टर्बो लावायचा, तोच गळणार.

साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाला बोअर वाढवून थोडाफार फायदा होतो, कारण त्याला जास्त हवा घ्यायचा तो एक मार्ग आहे. टर्बोवाल्याकडे हवेचा पंपच आहे. त्याला हवी असते जाड भिंत.

चोवीस आकडे

सकाळी धुकं होतं. शेडमध्ये चहा झाला आणि मेस्त्रीकाकांनी डायल बोअर गेज काढलं. वर, मध्ये आणि खाली अशा तीन उंचींवर, प्रत्येक ठिकाणी क्रँकच्या दिशेला आणि तिला आडवं, असं दोनदा. एका बोअरचे सहा आकडे, चार बोअरचे चोवीस. ते सांगत होते, लेक लिहीत होता. आडव्या दिशेला झीज जास्त निघाली, कारण कनेक्टिंग रॉड तिरका होतो तेव्हा पिस्टन त्याच भिंतीवर रेलतो. सगळ्यात मोठा आकडा ७४.०७.

लेक म्हणाला, "म्हणजे ७४.२५ची साइज पुरेल."

"पुरली असती," मेस्त्रीकाका म्हणाले, "पण हा बघ." तिसऱ्या बोअरमध्ये त्यांनी दिवा धरला. गंजाचे खड्डे. त्यांच्या अंदाजाने सगळ्यात खोल खड्डा दीड दशांश मिलिमीटरचा असावा. ७४.२५ला प्रत्येक बाजूने सव्वा दशांशच निघतो. म्हणजे खड्ड्याचा तळ राहणार. तिथे तेल साचणार आणि रिंगची धार जाणार. ७४.५० केला तर बाजूला अडीच दशांश निघतो, खड्डा साफ होतो. आणि कंपनीनेच दिलेली ती दुसरी ओव्हरसाइज असल्यामुळे त्या मापाच्या रिंगाही मिळतात. उद्या एक रिंग तुटली तर तेवढ्यासाठी पिस्टनचा सेट बदलायला नको. ७४.३७ असलं अधलंमधलं माप केलं तर रिंगसाठी दारोदार फिरावं लागतं.

"साफ होईल ती पहिली साइज. त्याच्यापुढं नाही," मेस्त्रीकाका म्हणाले. "कापलेलं परत लावता येत नाही, बाळ. मागं एक साइज ठेव."

"आणि तीही संपली तर?"

"मग लायनर काढून नवा बसवायचा. होतंय. पण तो ब्लॉक मग अण्णाचा राहिला काय?"

यावर कोणी काही बोललं नाही. शेजारच्या शेडमध्ये ग्राइंडर सुरू झाला.

लेकाने ७५.५ खोडलं आणि ७४.५० लिहिलं. मग सवयीने म्हणाला, "तर मग आज बोअर मारूया?"

"पिस्टन कुठं हाय?"

"मागवायचे आहेत."

"मग कशाला मारू? पिस्टन आधी. बोअर त्याच्या मापानं."

यात खरी मेख आहे. बोअर ७४.५० म्हणजे पिस्टन ७४.५० नसतो. दोघांमध्ये तेलाची फट लागते. या इंजिनाच्या मूळच्या ओतीव पिस्टनला ०.०२ ते ०.०४ मि.मी. फट पुरते. टर्बोसाठी घ्यायचे ते ठोकून घडवलेले फोर्ज्ड पिस्टन. त्यांच्या मिश्रधातूत सिलिकॉन कमी, म्हणून ते मार सोसतात, पण तापल्यावर जास्त फुगतात. त्यांना ०.०७ ते ०.०९च्या आसपास फट लागते. नेमका आकडा पिस्टन बनवणारा कागदावर देतो, तोच पाळायचा. फोर्ज्ड पिस्टन जुन्या फटीत बसवला तर तो तापून जाम होतो. फट नको तेवढी ठेवली तर पिस्टन डुलतो, खटखटतो, तेल जाळतो. म्हणून नुसतं "७४.५ मारून ठेवा" सांगणं म्हणजे पायाचं माप न देता चप्पल शिवायला सांगणं.

आम्ही ब्लॉक तिथेच ठेवला, कुंदा घेतला आणि परत निघालो. मला "आजच मारून देतो" आठवलं आणि जांबोटीच्या रानात अंगावर काटा आला.

मार्चातली दुसरी खेप

पिस्टन यायला अडीच महिने लागले. टर्बोत दाब जास्त असतो, म्हणून डोक्यावर उथळ वाटी असलेले घेतले. तेवढी जागा वरच्या पोकळीत वाढते आणि कॉम्प्रेशन खाली येतं. बोअर मोठा केला की पोकळी तीच राहून कॉम्प्रेशन थोडं चढतं, तोही हिशेब त्या वाटीत धरला होता.

या वेळी लेकाने कोणी न सांगता चारही पिस्टन आदल्या संध्याकाळी ब्लॉकशेजारी मांडून ठेवले. सकाळी मायक्रोमीटरने मोजले. पिस्टन कुठेही मोजून चालत नाही. खालच्या घोळावर, बनवणाऱ्याने सांगितलेल्या उंचीवरच मोजायचा. चारही ७४.४२च्या आसपास, एकमेकांत मायक्रॉनांचा फरक. कागदावर फट ०.०८. मेस्त्रीकाकांनी प्रत्येक पिस्टनवर एक, दोन, तीन, चार असे आकडे टाकले आणि तेच ब्लॉकवर.

हेडच्या जागी त्यांनी जाड पोलादी प्लेट बोल्टने आवळली. का, तर हेड आवळलं की बोअरचा आकार केसभर बदलतो. तो बदल आधीच करून घ्यायचा आणि मग घासायचं, म्हणजे इंजिन जोडल्यावर बोअर गोल निघतो. बोरिंगच्या हत्याराने शेवटचे काही शतांश सोडून दिले. ते होनिंगच्या दगडांनी काढले, थोडं घासायचं, पुसायचं, निवू द्यायचं आणि मोजायचं. भिंतीवर तिरप्या रेघांची जाळी उठली. त्या रेघांत तेल टिकतं. तिसऱ्या बोअरमध्ये दिवा धरला तेव्हा मीही वाकून पाहिलं. गंजाचा मागमूस नव्हता. चार पावसाळ्यांचा आळस अडीच दशांशात निघून गेला होता.

रिंगांच्या टोकांमधली फट लेकाने स्वतः कानशीने घासून ठेवली, सव्वातीन-साडेतीन दशांशाची. टर्बोत रिंग जास्त तापते. टोकं एकमेकांना भिडली तर ती बोअर ओरबाडते. तो घासत होता तेव्हा मेस्त्रीकाका खुर्चीत डोळे मिटून बसले होते. मला वाटलं झोपले. मध्येच म्हणाले, "एकाच बाजूनं घास. मागं-पुढं नको."

तुमच्यापैकी कोणाला असं इंजिन बांधायचं असेल, मग तुम्ही इंदूरला असा की बडोद्याला, तर बोरिंगवाल्याला चार गोष्टी जरूर विचारा. ब्लॉक थंड करून मोजणार का? पिस्टन हातात घेऊन बोअर मारणार का? प्लेट आवळून होनिंग करणार का? आणि झाल्यावर चारही बोअरचे आकडे लिहून देणार का? जो या प्रश्नांवर हसेल त्याच्याकडे ब्लॉक ठेवू नका.

मजुरी देताना घासाघीस झाली, पण उलटी. मी जास्त देत होते आणि ते कमी घेत होते. शेवटी म्हणाले, "सुरू झालं की फोन कर. आवाज ऐकीव."

परतताना कणकुंबीला चहाला थांबलो. लेकाने खिशातून अण्णांची निळी डायरी काढली. ती त्याने बरोबर आणली होती हे मला माहीतच नव्हतं. अण्णांच्या शेवटच्या नोंदीखाली, तेल बदललं होतं ती, त्याने तारीख घातली आणि चारही बोअरची मापं लिहिली, चारही फटी लिहिल्या. पेन बंद केलं, पुन्हा उघडलं आणि खाली एक ओळ जोडली : "७५.०० शिल्लक."